खाटेशेजारी बसून तारणाचं बोलावं का?

शाहूपुरीची सून:
आमच्या घरात दोन धर्म. मी ख्रिस्ती, माहेर मिरजेचं. नवरा, सासू-सासरे हिंदू. चैत्रात मामंजी जोतिबाहून आले की गुलालाने माखलेला सदरा मीच भिजत घालायची, आणि नाताळात चांदणी टांगायला शिडीवर तेच चढायचे. आता अर्धांगवायूने डावी बाजू गेलीय. कूस बदलायलाही माणूस लागतो.

गेल्या रविवारी उपासनेनंतर मंडळीतले (चर्चमधले) दोन वडील, म्हणजे तिथले जबाबदार ज्येष्ठ, म्हणाले, "आम्ही घरी येतो, त्यांना येशूची सुवार्ता सांगू, आत्म्याचं तारण व्हायला हवं. उद्याचं कुणी पाहिलंय?" मी नको म्हटलं. काळजी मलाही आहे हो. बायबलमधल्या रोमकरांच्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो, माझ्या भाऊबंदांसाठी मीच ख्रिस्तापासून तोडला गेलो तरी चालेल. ती घालमेल मला रात्री झोपू देत नाही. पण ज्याला उठून बाहेर जाता येत नाही, त्याच्या उशाशी बसून 'आता तरी' म्हणणं मला पटत नाही. प्रार्थना रोज करते, नाव घेऊन. विषय त्यांनी काढला तर बोलेन. तुम्हाला काय वाटतं?

मिशन कंपाउंडवाला:
ताई, नाही पटलं. येशूच्या शेजारी वधस्तंभावर मरताना विश्वास ठेवणाऱ्या चोराकडे तरी किती वेळ होता? आणि लूकच्या शुभवर्तमानात सोळाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस मेल्यावर यातनेत पडून काय मागतो? माझ्या पाच भावांना कुणीतरी जाऊन सांगा. शेजारच्या घरात गॅस गळतोय हे माहीत असून झोपमोड नको म्हणून गप्प बसायचं, याला मी प्रेम म्हणणार नाही. सभ्यता म्हणेन फार तर.

शाहूपुरीची सून:
दादा, चोर आधी बोलला. 'माझी आठवण कर' हे त्याने मागितलं, येशूने विषय काढला नव्हता. आणि येशूचा शिष्य पेत्र तर आपल्या पत्रात बायकांना सांगतो की नवरे वचन मानत नसतील तर तुमचं वागणं बघून, शब्दांवाचून मिळतील.

मिशन कंपाउंडवाला:
तोच पेत्र त्याच अध्यायात म्हणतो की तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा.

शाहूपुरीची सून:
*विचारणाऱ्याला.* मीही तेच म्हणतेय.

गंगावेस:
तुम्ही दोघं एक गोष्ट धरूनच चाललाय, की त्या माणसाकडे काहीतरी कमी आहे. माझ्या बहिणीने लग्नानंतर बाप्तिस्मा घेतला, आमची काही हरकत नव्हती. वडील गेले तेव्हा दहाव्याला ती ढसाढसा रडली. घाटावर सगळ्यांना वाटलं, लेकच ती, रडणारच. रात्री मला म्हणाली, "दादा, बाबा मला आता परत कधीच भेटणार नाहीत." माझं डोकंच फिरलं. जन्मभर अंबाबाईपुढे हात जोडणारा, कुणाचा पैसा न बुडवणारा माणूस, आणि त्याच्या पोटच्या पोरीने त्याला असं कायमचं परकं करून टाकावं? तुमची काळजी खरी असेल, मी नाकारत नाही. पण ज्याची काळजी करताय त्याच्या कानावर ती अपमान होऊन पडते.

वसईचा, मुक्काम राजारामपुरी:
आम्हा कॅथलिकांकडे यावर स्पष्ट शिकवण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६४ मध्ये मांडलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाला धरून जगतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. गंगावेस, तुमच्या बहिणीला हे सांगा.

मिशन कंपाउंडवाला:
सून घरात बायबल वाचते आणि सासऱ्याला 'कळलं नाही'? हा आडोसा इथे कसा लागू होतो?

वसईचा, मुक्काम राजारामपुरी:
कानावर पडणं आणि मनाला कळणं यात फरक आहे. आणि तो निवाडा तुम्ही-आम्ही करायचा नसतो.

तांबडा रस्सा:
वहिनी, एक इचारू? रोज नाव घेऊन प्रार्थना करताय म्हंताय, ते मामांना ठावं हाय का? का गुपचूप चाललंय? गुपचूप आसंल तर त्या दोन वडलांत आन् तुमच्यात लई फरक न्हाई बघा. ते तोंडावर तरी बोलत्यात.

शाहूपुरीची सून:
बरोबर विचारलंत. त्यांना माहीत आहे. आजारपणाच्या आधी एकदा म्हणाले होते, "तुझ्या देवाला माझ्या गुडघ्याचं पण सांग." मात्र गुडघ्यापुढचं मी काय मागते, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. गंगावेस दादांचं वाचल्यावर तर सांगणं आणखीच अवघड झालंय.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. घरातल्या माणसाला वेळ लागतो, आणि तो आपल्या पायांनी यावा लागतो. आमच्याकडे वेळ कमी आहे, एवढंच.

मिशन कंपाउंडवाला:
म्हणून तर म्हणतो, वडिलांना आणू नका, पण तुम्ही सांगा. एकदाच. त्यांनी नको म्हटलं तर नको. न विचारताच 'नको' गृहीत धरणं हाही त्यांच्या वतीने घेतलेला निर्णयच आहे.

गंगावेस:
आणि ते 'हो' म्हणाले तर ते खरं 'हो' का सुनेच्या उपकारापोटी, हे कोण ठरवणार? सकाळ-संध्याकाळ तीच भरवते.

शाहूपुरीची सून:
अगदी हेच मला त्या दोघांना सांगता आलं नव्हतं. रविवारी ते येतायत, चहाला. मामंजींना भेटतील, तब्येत विचारतील. प्रार्थना करायची असेल तर स्वयंपाकघरात, माझ्यासोबत. तसं फोनवर स्पष्ट सांगितलंय. एक जण जरा नाराज झाले.