मदत हवी आहे: पद्मिनी घेऊन पुणे ते सावंतवाडी. सोबत कोणते सुटे भाग आणि हत्यारं ठेवू?

पद्मिनी७८

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी, पॉइंटवालं (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांचं) इग्निशन, सोलेक्स कार्बोरेटर, बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो मूळचाच. मार्ग पुणे, सातारा, कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी आणि त्याच वाटेनं परत. चौघं जण आणि सामान, म्हणजे डिकीत जागा थोडीच. सर्व्हिसिंग झालेलं आहे. रस्त्याच्या कडेला स्वतः बदलता येतील असे कोणते भाग न्यावेत? कोणते नेऊन उपयोग नाही? कोल्हापूर सोडल्यावर पद्मिनीचा एकही भाग मिळणार नाही, असं धरून सांगा.

ठिणगी

पहिला नियम: जो भाग गाडीवर बसवून, किमान वीस-तीस किलोमीटर चालवून पाहिलेला नाही, तो सोबत नेऊ नका. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. त्या टॅक्सींना रोज लागणारा माल आता बाजारात तसा येत नाही, आणि जे मिळतं त्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं आणि हलकं बरंच असतं. नवा कंडेन्सर डबीतून काढला आणि तासाभरात गेला, असं होतं. म्हणून नवा भाग गाडीला लावा आणि उतरवलेला चालू भाग सोबत ठेवा.

इग्निशनसाठी पॉइंट एक सेट, कंडेन्सर दोन, रोटर एक, डिस्ट्रिब्युटर कॅप एक, प्लग दोन, कॉइल एक आणि मधली सर्वात लांब एचटी (ठिणगीचा उच्च दाब नेणारी) वायर एक. हे सगळं एका डब्यात मावतं.

बिघाड कसा ओळखायचा: कंडेन्सर गेला की गाडी थंड असताना चालते, तापल्यावर मिसिंग करते किंवा बंद पडते, आणि पॉइंटमध्ये मोठी पिवळट ठिणगी दिसते. अशा वेळी आतला कंडेन्सर लगेच बदलायचीही गरज नाही. जुन्या कंडेन्सरची वायर आतून सोडवता येत नसेल आणि तो शॉर्ट झालेला नसेल, तर दुसरा कंडेन्सर कॉइलच्या पट्टीखाली घट्ट आवळा आणि त्याची वायर कॉइलच्या त्या टर्मिनलला जोडा, जिथून डिस्ट्रिब्युटरकडे वायर जाते. मुक्कामापर्यंत गाडी निघते. मुक्कामी पोचल्यावर आतला बदला.

पॉइंट बसवताना फायबरची टाच कॅमच्या उंचवट्यावर आणा आणि फीलर गेजनं गॅप ०.४० मिमीच्या आसपास ठेवा. गेजला तेल लागलेलं असेल तर आधी पुसा, नाहीतर ते तेल पॉइंटवर जळतं. कॅमला काडीच्या टोकावर येईल एवढंच ग्रीस लावा. ग्रीस नसेल तर टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं आणि गाडी चढावर तापू लागते. मग लोक रेडिएटर तपासत बसतात. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. कॅपवर आत्ताच पेंटनं आकडे घालून ठेवा.

घाटवाट

पेट्रोलच्या बाजूचं सांगतो. नुसता दुरुस्तीचा किट नेऊ नका, पूर्ण जोडलेला एसी पंप (इंजिनवरचा पेट्रोल पंप) न्या. रस्त्यात पंप उघडून डायफ्राम बसवणं जमतं, पण धूळ आणि वारा असताना व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. पंपाखालचा इन्सुलेटर आणि दोन्ही पॅकिंग पूर्वी होते त्याच जाडीचे हवेत. जाडी वाढली की पंपाचा स्ट्रोक कमी होतो आणि चढावर पेट्रोल पुरत नाही.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोल) मुळे जुने रबरी पाईप आतून फुगतात, मऊ पडतात, आणि टाकीतला साठलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. सगळे पाईप निघायच्या आधीच इथेनॉल चालेल असे, 'आर९' दर्जाचे टाका. वर एक मीटर तुकडा, चार क्लॅम्प आणि दोन पारदर्शक फिल्टर सोबत ठेवा. फिल्टरवरचा बाण पाहून बसवा.

डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर पंपाचा डायफ्राम फाटलाय. तशी गाडी चालवू नका. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग जातात. पंप आणि ऑइल दोन्ही बदलल्याशिवाय पुढे निघायचं नाही.

आणि एक किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक पुढच्या सीटजवळ, पट्ट्यानं बांधलेलं. डिकीत ठेवलेलं वेळेवर हाताला लागत नाही.

रिंगपाना

पद्मिनी मूळची फियाट, तिचं सगळं मेट्रिक आहे, ॲम्बॅसेडरच्या इंची पान्यांचा इथे उपयोग नाही. ८ ते १९ चे फिक्स पाने, त्यातले १०, १३, १४, १७, १९ रिंगमध्येही. या गाड्यांत नटबोल्ट बदलत आलेले असतात, त्यामुळे एकाच जागी कुठे १३ तर कुठे १४ लागतो. घरी एकदा प्रत्येक बोल्टला पाना लावून बघा आणि जे लागले नाहीत ते घरीच ठेवा. प्लग पाना, चपटे दोन आणि चौफुली एक पेचकस, पक्कड, फीलर गेज, पॉलिश पेपर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, डोक्याला बांधायची बॅटरी. बंदुकीच्या गोळीसारख्या टोकाचे ८ अँपिअरचे फ्यूज सहा. लोखंडी बाइंडिंग वायर, इन्सुलेशन टेप, एम-सील, सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी, जाड टोचन दोर.

स्टेपनीत हवा भरा, आणि जॅक याच गाडीला लावून चाक खोलून बघा. ५.२०-१४ ची एक ट्यूब जास्तीची न्या. वाटेतल्या पंक्चरवाल्याकडे तो साइझ नसतो.

हेड गॅस्केट, क्लच प्लेट, व्हील बेअरिंग नेऊ नका. ते मोडलं तर टोचन हाच मार्ग.

पद्मिनी७८

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाकावं का?

ठिणगी

किट चांगलं असतं, पण गेलं की सपशेल जातं, दुरुस्ती नाही. टाकलंत तर जुनी पॉइंट प्लेट कंडेन्सरसकट, गॅप लावून डब्यात ठेवा. निघायला दोन आठवडेच राहिले असतील तर मात्र आत्ता बदल करू नका.

घाटवाट

पाणी आणि ब्रेक राहिले. फॅन बेल्ट एक, वरचा आणि खालचा होस, क्लॅम्प, पाच लिटर पाणी. पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर आहे, तेव्हा बेल्ट तुटला की 'पुढच्या गावापर्यंत' असं करू नका. ताण असा ठेवा की मध्यावर अंगठ्यानं दाबल्यावर एक ते दीड सेंटिमीटर खाली जाईल. रेडिएटर गरम असताना झाकण उघडू नका. बॉनेट उघडून अर्धा तास थांबा. होसला चीर गेली तर पुसून कोरडा करा, सायकलची पट्टी ताणून गुंडाळा आणि झाकण पहिल्या खटक्यावरच ठेवा, म्हणजे दाब चढत नाही.

आंबोलीहून सावंतवाडीकडे सलग उतार आहे. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ड्रम ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते. डॉट ३ ब्रेक ऑइल अर्धा लिटर न्या, सीलबंद. उघडलेली बाटली हवेतला ओलावा शोषते. एका चाकाचा सिलिंडर गळला तरी चारही चाकांचे ब्रेक जातात, म्हणून घाट उतरण्याआधी चारही चाकांची आतली बाजू टॉर्चनं बघा. आणि १ लिटर २०डब्ल्यू-५० ऑइल.

पद्मिनी७८

डायनॅमो रात्री गेला तर?

ठिणगी

हेडलाइट, टेल लाइट आणि इग्निशन मिळून साधारण १२ अँपिअर खातात. बॅटरी ३२ अँपिअर-तासांची, पूर्ण भरलेली असेल तर दोन तास धरा, जास्त नाही. दिवसा नुसत्या इग्निशनवर त्याच बॅटरीत बरेच तास निघतात. तेव्हा रात्री चार्जिंगचा लाल दिवा लागला तर आधी बेल्ट बघा, मग डायनॅमोच्या वायर. दोन्ही ठीक असतील तर जवळच्या गावात थांबा आणि सकाळी निघा. तोवर वाटेत इंजिन कुठेही बंद करू नका, स्टार्टर एका वेळी बॅटरीचा मोठा घास घेतो. डायनॅमोचे कार्बन ब्रश दोन सोबत ठेवा. ब्रश अडकून किंवा झिजून चार्जिंग जाण्याचं प्रमाण मोठं आहे आणि ते पेचकसानं बदलतात.