बास फिशिंगची टेक्निक आपल्याकडे मरळीला चालते का? आणि पिल्लांच्या गोळ्यावर फ्रॉग टाकावा का?

धायरीचा_गळ (जुलै)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

लहानपणी आजोळी भीमेच्या काठाला बांबूची काठी, तंगूस आणि गांडूळ एवढ्यावर मासे धरलेत. मग शिक्षण, नोकरी, सगळं मागे पडलं. दोन वर्षांपूर्वी यूट्यूबवर अमेरिकेतले बास फिशिंगचे व्हिडिओ बघायला लागलो आणि पार वेड लागलं. तो लार्जमाउथ बास बुडालेल्या झाडात, गवताच्या कडेला, लाकडी धक्क्याच्या सावलीत दबा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो, आणि ती माणसं पाण्याकडे नुसतं बघून सांगतात की मासा इथे असणार. मला ते फार आवडलं. मग सात फुटी मीडियम हेवी रॉड, बेटकास्टर रील, तीन-चार क्रँकबेट (छोट्या माशासारखी कडक खोटी आमिषं), रबरी वर्म, एक पोकळ फ्रॉग (रबरी बेडूक) असं सगळं घेतलं आणि सलग सहा रविवार पानशेतच्या बॅकवॉटरला गेलो.

हाती काही नाही. दोन क्रँकबेट पाण्याखालच्या खुंटांत अडकून गेले. एकदाच फ्रॉगवर मरळ आली, पाणी असं फुटलं की छाती धडधडली, मी त्याच क्षणी जीव खाऊन झटका दिला आणि फ्रॉग उडून थेट माझ्या मागे करवंदीच्या जाळीत. मासा गेला तो गेलाच.

तर बासची ही टेक्निक इथे कितपत चालते, टेक्सास रिग (शिसं लावून, हुक लपवून वर्म टाकायची रीत) वगैरे मरळीला उपयोगी आहे का, आणि झटका नेमका कधी द्यायचा?

दुसरं जरा वेगळं आहे. गेल्या रविवारी काठाजवळ उथळ पाण्यात ताटलीएवढा नारिंगी डाग दिसला, नीट बघितलं तर शेकडो बारीक पिल्लं, सगळी एकदम वर येऊन तोंड मारायची आणि परत खाली. शेजारी उभे असलेले एक जण म्हणाले, खाली आई आहे, गोळ्यावर फ्रॉग टाक, शंभर टक्के लागणार. मी टाकला नाही. का नाही टाकला ते मला नीट सांगता येत नाहीये, पण घरी आल्यावरही डोक्यातून जात नाहीये. तुम्ही लोक काय करता?

कात्रज_ते_कोयना

भाऊ, टेक्निक चालते, पण क्रँकबेट घरी ठेवा. त्याला तीन-तीन काट्यांचे दोन हुक असतात, आपल्याकडच्या झुडपाळ काठाला तो अडकणारच. मोकळ्या पाण्यात, खडकाच्या कडेला ठीक आहे. जलपर्णी किंवा गवत असेल तर फ्रॉगच, कारण त्याचे दोन्ही हुक अंगाला चिकटून वर असतात.

आणि एक खुलासा करतो कारण लोक गोंधळ घालतात. बाजारात सी बास म्हणून जो मिळतो तो आपला जिताडा, पेण-अलिबागकडचा, खाडीतला. त्याचा आणि अमेरिकेतल्या बासचा काही संबंध नाही.

भोरचा_बापू

धायरीकर, तुम्ही फ्रॉग टाकला नाहीत हे वाचून फार बरं वाटलं, त्यावर शेवटी येतो, आधी टेक्निक.

तुम्ही बासवाल्यांकडून जी गोष्ट शिकायची ती शिकला आहातच, ती म्हणजे जागा ओळखणं. बास काय आणि मरळ काय, दोघीही पाठलाग करून दमणाऱ्यातल्या नाहीत, आडोशाला थांबून घात करणाऱ्या आहेत. त्यामुळे गवताची कड, जलपर्णीतलं भोक, बुडालेल्या बांधाचा कोपरा, ओढा धरणाला मिळतो ती जागा, ही सगळी तशीच वाचायची. फरक एकच मोठा आहे आणि तो कुठल्याही अमेरिकन व्हिडिओत मिळणार नाही. मरळ हवा घ्यायला वर येते, तिला यावंच लागतं, नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. म्हणजे ती स्वतःच पत्ता सांगते. पहिला अर्धा तास रॉड जमिनीवर ठेवा आणि पाण्याकडे बघत बसा. चुळूक असा आवाज येतो, पाण्यावर एक गोल वळय उठतं आणि कधी दोन-तीन बुडबुडे मागे राहतात. त्या वळयावर कास्ट नाही करायचा, ती घाबरून खाली जाते. तिचं तोंड कुठल्या दिशेला होतं त्याचा अंदाज घेऊन दोन-तीन मीटर पुढे टाकायचा आणि तिच्या वाटेवरून हळूहळू आणायचा. मध्ये थांबवायचा. माझ्या निम्म्या मरळी फ्रॉग थांबलेला असताना आल्यात.

चालताना पाय आपटू नका. काठाची जमीन हादरली की उथळ पाण्यातल्या मरळीला ते कळतं, आणि सूर्य पाठीमागे असेल तर तुमची सावली तुमच्याआधी पाण्यावर पोचते हे लक्षात ठेवा.

आता झटका. तुमची चूक तीच जी मी पहिली दोन वर्षं केली. पाणी फुटलं की हात आपोआप उठतो. बास मोठं तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, तिथेही फ्रॉगला क्षणभर थांबायला सांगतातच, मरळीला तर जास्त थांबावं लागतं कारण ती पुष्कळदा आधी दातात मागची शेपटी धरते. पाणी फुटलं की रॉडचं टोक खाली तिच्याकडे करा, ढिली लाइन गुंडाळून घ्या, आणि दोरीला वजन लागलं, म्हणजे खरंच ओढ जाणवली, की मग कमरेतून झटका. तोही मुळमुळीत नको, तिचा जबडा हाडाचा आहे. आणि झटका दिल्यावर ढील द्यायची नाही, ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट, सरळ काठाकडे. तिला गवतात डोकं घालू दिलं की संपलं.

फ्रॉगच्या मागच्या रबरी झालरी कापून निम्म्या करा, अर्धे फसलेले चावे तिथेच थांबतील. हुक पक्कडीने किंचित बाहेर वाकवा. दर चार-पाच कास्टनंतर फ्रॉग दाबून आतलं पाणी काढा, नाहीतर तो बसका होतो आणि नीट चालत नाही.

टेक्सास रिगचं म्हणाल तर गोळीसारखं शिसं, ऑफसेट (वाकड्या मानेचा) हुक आणि हुकाचं टोक वर्ममध्ये लपवलेलं, ही रचना छान आहे, गवतात अडकत नाही. पण ती तळाशी बसून काम करते आणि आपला तळ म्हणजे गाळ. मी शिसं काढून टाकतो आणि नुसता वर्म ऑफसेट हुकवर लावून पाण्याच्या वरच्या थरातून ओढतो. ढगाळ दिवशी फ्रॉग नाकारणारी मरळ हा घेते.

एक अजून. व्हिडिओत बासचा खालचा ओठ अंगठ्याने धरतात, कारण त्याचे दात बारीक, खरखरीत कागदासारखे. मरळीच्या तोंडात अंगठा घालू नका. माझ्या उजव्या अंगठ्याला तीन टाके पडलेत. लांब नाकाची पक्कड आणि ओला रुमाल, बास्स.

आता पिल्लांचा गोळा. मी टाकत नाही, टाकणाऱ्याबरोबर परत जात नाही. कारण सांगतो. पावसाळ्यात मरळीची जोडी गवतात जागा साफ करून अंडी घालते, अंडी वर तरंगतात, आणि पिल्लं निघाल्यावर आई-बाप दोघं खाली राखण करतात. फ्रॉग गोळ्यावर पडला की ती जो हल्ला करते तो भुकेने नाही, पिल्लांवर कोणीतरी आलं म्हणून करते. म्हणून तर तुमच्या शेजारच्याला शंभर टक्के खात्री होती. त्यात आपलं कसब काय? ना जागा वाचली, ना वाट बघितली.

चार-पाच वर्षांपूर्वी भाटघरच्या फुगवट्याला मी हे डोळ्याने बघितलंय. एकाने गोळ्यावरून दोन-अडीच किलोची मरळ काढली, मी तिथेच वीस पावलांवर होतो. पिल्लं तिथेच राहिली, वर-खाली करत होती. थोड्या वेळात चिलापी (तिलापिया मासे) जमले, गोळा फाटला, त्याचे दोन झाले, मग चार. वरून खंड्याने चार-पाच फेऱ्या मारल्या. मी गुंडाळून निघालो तेव्हा पाण्यावर नारिंगी काही उरलं नव्हतं. तेव्हापासून १५ जून ते गणपती माझा रॉड माळ्यावर. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, ती सरकारने घातली, ही मी स्वतःवर घातली.

भिगवण_पाणी

बापूंचं सगळं पटलं, पण मला एक बाजू मांडायची आहे. आमचं घर भोयाचं, आजोबांपासून पाण्यावर पोट. उजनीचं पाणी भरलं तेव्हा आमच्या आजोबांची नदीवरची जागा गेली आणि मोठं पाणी आलं, त्याबरोबर सगळंच बदललं. आज जाळ्यात बघाल तर चिलापी जास्त. मला सांगायचंय ते असं, की शहरातून येणारी पोरं मासा धरतात, फोटो काढतात, सोडतात, आणि आम्ही खाल्ला तर आमच्याकडे अशी बघतात जणू आम्ही गुन्हा केला. मासा खायलाच धरतात. खायला एक धरला, घरी नेऊन कालवण केलं, यात मला काही वाईट दिसत नाही. वाईट दिसतं ते दहा मिनिटं माशाला गवतावर तडफडत ठेवून सात अँगलने फोटो काढायचे आणि अर्धमेला पाण्यात ढकलायचा आणि म्हणायचं आम्ही सोडला. सोडायचा तर पाण्यातल्या पाण्यात सोडा, हात ओला करून, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पुढे त्याला रोग लागतो.

पण गोळ्याबद्दल आमच्या घरातही तेच होतं. वडील जाळं टाकायला निघाले आणि लाल गोळा दिसला तर होडी वळवायचे. मी लहान असताना विचारलं तर म्हणाले, हे पुढच्या वर्षीचं आहे.

आणि येताना एवढं करा. धरणांच्या पाण्यावर बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीचा ठेका असतो, माशांचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, सोडायला त्यांनी पैसे घातलेले असतात. काठावर आलात की आधी कोणाला तरी विचारा, दोन शब्द बोला, कोणी नाही म्हणत नाही. धरणाच्या भिंतीजवळ जाऊ नका. आणि तुटलेली तंगूस, ब्रेड लाइन (विणलेली दोरी) उचलून न्या. आमच्याकडे हिवाळ्यात पक्षी येतात, पायाला तंगूस गुंडाळलेला बगळा मी स्वतः सोडवलाय, पाय सुजून काळा पडला होता.

बाणेर_व्हाया_ओसाका

भिगवणकरांच्या पोस्टवरून एक सांगावंसं वाटलं. मी कंपनीच्या कामाने तीन वर्षं ओसाकाला होतो आणि बिवा तलावावर बास फिशिंग केलंय.

बासच्या जगात १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीने धरलेला २२ पौंड ४ औंसाचा मासा म्हणजे दंतकथा आहे. त्या विक्रमाची बरोबरी थेट २००९ च्या जुलैत झाली, आणि ती अमेरिकेत नाही, बिवावर, मनाबू कुरिता या माणसाने केली, १० किलोच्या वरचा मासा. म्हणजे बासप्रेमींसाठी ते तीर्थक्षेत्र.

आणि तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी मला कळलं की धरलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे. २००३ पासून, शिगा प्रांताचा नियम. काठावर पेट्या ठेवल्यात, त्यात टाकायचा. मला तेव्हा फार चमत्कारिक वाटलं होतं, कारण माझ्याही डोक्यात व्हिडिओ बघून पक्कं होतं की चांगला अँगलर म्हणजे मासा सोडणारा. अमेरिकेत ते १९७२ पासून रे स्कॉट या आयोजकाच्या बास स्पर्धांनी लोकांच्या अंगी मुरवलं आणि तिथे ते बरोबरच आहे, तो त्यांच्या पाण्यातला मासा. जपानमध्ये तो बाहेरून आला, १९२५ ला आशी तलावात सोडला आणि पुढे देशभर पसरला, बिवातले तिथलेच छोटे मासे त्याने खाऊन कमी केले. मासा तोच, पाणी बदललं की वागायची रीत बदलली.

म्हणून हात जोडून सांगतो, आपल्याकडे अधूनमधून कोणीतरी लिहितं की बासचं बी मिळालं तर खडकवासल्यात सोडू. कृपा करून हा विचारही नको. डेक्कन महसीर, ज्याला आपल्याकडे खडशी म्हणतात, त्याची शास्त्रात पहिली नोंद साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये केली ती आपल्या मुळा-मुठेतल्याच माशावरून. आज मुठेच्या पुलावर उभं राहून हे कोणाला खरं वाटेल का? जे उरलंय त्यात आणखी एक दबा धरणारा आणून सोडायला नको. आपल्याला बास हवा असेल तर आपल्याकडे मरळ आहे की.

कात्रज_ते_कोयना

वरच्या पोस्टला शंभर वेळा हो. आणि पावसाळ्यातला विषय निघालाच आहे तर, विसर्ग वाढल्याचा मेसेज आला की खडकवासल्याच्या खाली नदीपात्रात कोणी थांबू नका. एक कास्ट, एक कास्ट करत पाणी गुडघ्यावर येतं.

धायरीचा_गळ (नोव्हेंबर)

धागा वर काढतोय, सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

बापू, तुमचं वाचून मीही रॉड ठेवून दिला. पण पानशेतला जात राहिलो, नुसती दुर्बीण घेऊन. तो गोळा मला पुढचे तीन रविवार दिसला. दुसऱ्या खेपेला पिल्लं बोटाच्या पेरापेक्षा मोठी झाली होती, नारिंगी रंग उतरून काळपट झाला होता, आणि एकदा, अगदी एकदाच, गोळ्याच्या खालून आई वर आली. आधी पाण्याखाली लांबट काळी सावली, मग नाकपुड्यांपर्यंत डोकं, चुळूक, आणि पिल्लं तिच्याभोवती सरकून परत जमली. बायको बरोबर होती, ती म्हणाली, हिला धरायला तू एवढे पैसे घातलेस?

दिवाळीनंतरच्या रविवारी गेलो. त्या गावातल्या एका काकांना आधी भेटलो, त्यांनी ओढ्याकडची जागा दाखवली. झालरी कापल्या होत्या. पाऊण तास नुसता बसलो, तीन वेळा वळय बघितलं, प्रत्येक वेळी एकाच टापूत, म्हणजे ती तिथेच फिरत होती. चौथ्या वेळी पुढे टाकला, आणला, थांबवला. पाणी फुटलं. हात उठतच होता, दात-ओठ खाऊन खाली धरला, लाइन गुंडाळली, ओढ लागली, मग दिला झटका. दीड किलो भरली असेल. काकांना विचारलं नेता का, ते म्हणाले आज एकादशी आहे, सोड. पक्कडीने हुक काढून पाण्यातच सोडली, क्षणभर हातात थांबली आणि शेपटीचा असा फटका दिला की चष्मा भिजला.

फक्त लाइन आता खरखरीत झालीये, बदलायची आहे. बापू, ब्रेड चाळीस पौंडाची घेऊ का पन्नासची?

भोरचा_बापू

पन्नासची घ्या, गवतात चाळीसची कापली जाते. आणि नवीन लाइन भरताना रीलवर आधी थोडी साधी तंगूस गुंडाळा, नाहीतर ब्रेड स्पूलवर घसरते. पुढच्या रविवारी मी भाटघरला आहे, पहाटे साडेपाचला भोरच्या स्टँडसमोर चहा घेतो, या.