मदत हवी आहे: बाबांना रक्त पडलं, पोटातून की छातीतून?

बाबा ५८ वर्षांचे, भांडुपला एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन. दोन महिने बेंबीच्या वर जळजळतं, काही खाल्लं की थांबतं. त्यामुळे ड्युटीवर पहाटे तीनला ग्लुकोज बिस्किटांचा पुडा फुटतो. गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणतात आणि रिकाम्या पोटी कटिंगबरोबर घेतात. (शंभरदा सांगून झालं.)

तीन आठवड्यांपासून खोकला आहे. संध्याकाळी कणकण असते, पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलंय. काल बेसिनमध्ये खोकताना लाल, फेसाळ काहीतरी पडलं. आई म्हणते अल्सरच, ठेचा बंद. ‘टीबी’ हा शब्द घरात काढायचा नाही, कारण ताईसाठी स्थळं बघणं चालू आहे. आधी एंडोस्कोपी करू की बेडक्याची तपासणी?

प्रतिसाद १:
बेडका आधी, आणि आजच. खोकल्यातून येणारं लालभडक, फेसाळ रक्त बहुधा छातीतलं असतं. पोटातलं उलटीतून येतं, काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं. नाहीतर शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होतं. पण दोन्ही आजार एकदम असू शकतात, म्हणून डॉक्टरांना दोन्ही सांगा. महापालिकेच्या दवाखान्यात सीबीनॅट (बेडक्यात टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) फुकट होते. डबीत नुसती थुंकी नको, सकाळी खोल खोकून काढलेला बेडका द्या. एक्स-रे पण काढा. तोवर बाबांना मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा.

ठेच्याचा काही दोष नाही हो. अल्सर मुख्यतः हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूने नाहीतर पेनकिलरने होतो. बॅरी मार्शल या डॉक्टरने १९८४ मध्ये ते जंतू स्वतः पिऊन बघितले होते! डायक्लोफेनॅक मात्र थांबवा, गुडघ्याला दुसरं काय चालेल ते डॉक्टरांना विचारा. आणि रक्त जास्त पडलं, चक्कर आली किंवा पोट अचानक दुखून फळीसारखं कडक झालं, तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा.

धागाकर्ता:
बेडका दिला, रिपोर्ट परवा मिळेल. एक्स-रेत उजवीकडे वर डाग आहे. शौचाचं विचारल्यावर बाबा आधी चिडले, मग हळूच म्हणाले, ‘गेल्या आठवड्यात दोनदा काळी झाली.’ तेही डॉक्टरांच्या कानावर घातलंय. डायक्लोफेनॅकची पाकिटं आईने लपवलीत. आता एकच विचारायचंय: टीबीच्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायला सांगतात ना? इथे कुणाला अल्सर असताना त्या घ्याव्या लागल्या का? कसं जमवलंत?