मदत हवी आहे: फ्रेंच वादविवाद स्पर्धेसाठी चार मुलांना पॅरिसला न्यायचंय

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात कॉलेजच्या मुलांना फ्रेंच शिकवते. आमच्या चार विद्यार्थ्यांना पॅरिसमधल्या एका आंतरराष्ट्रीय फ्रेंच वादविवाद स्पर्धेचं निमंत्रण आलंय. स्पर्धा मार्चअखेर आहे, हातात जेमतेम अकरा आठवडे आहेत. आमच्याकडून अशा स्पर्धेला आजवर कोणीच गेलेलं नाही, त्यामुळे जवळपास विचारायला माणूस नाही. म्हणून इथे लिहितेय. थोडं लांबलंय, पण कृपया वाचा.

स्पर्धा ब्रिटिश संसदीय पद्धतीची आहे. एका फेरीत चार संघ, प्रत्येक संघात दोघं. दोन संघ सरकारच्या बाजूचे, दोन विरोधी. विषय फेरीच्या १५ मिनिटं आधी कळतो. मग प्रत्येकाने सात मिनिटं बोलायचं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडलं तर मधली पाच मिनिटं समोरचा कधीही उठून प्रश्न विचारायची परवानगी मागू शकतो.

चौघांपैकी तिघांचं डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची बी२ पातळी झालीय, एकीची त्याखालची बी१. व्याकरण पक्कं आहे, निबंध सुरेख लिहितात. पण डेल्फ बी२ च्या तोंडीला तयारीसाठी अर्धा तास मिळतो आणि समोर शांतपणे ऐकणारे परीक्षक असतात. इथे वेळ त्याच्या निम्मा, आणि समोर जिंकायला आलेली मुलं.

गेल्या शनिवारी आम्ही सराव केला. विषय होता ‘मोठ्या शहरांत खासगी गाड्यांना बंदी घालावी’. आमचा एक मुलगा शाळेपासून वक्तृत्व स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवत आलाय. छान सुरुवात केली त्याने. तिसऱ्या मिनिटाला मी उठून विचारलं, ‘मग खेड्यातून येणाऱ्या पेशंटला दवाखान्यापर्यंत कसं आणायचं?’ तो थांबला, आणि भाषण पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू केलं. बाकी तिघी हसल्या नाहीत. आपलंही असंच होणार हे त्यांना दिसत होतं. तेव्हापासून एकच वाक्य ऐकतेय, ‘मॅडम, क्वेबेकची, सेनेगलची, ट्युनिशियाची मुलं येणार. त्यांची भाषाच ती. आपण तिथे काय बोलणार?’

याला काय उत्तर द्यायचं ते मला खरंच कळत नाहीये. ‘होईल नीट’ म्हणून मुलांना धीर येत नाही, आणि खोटा धीर मला द्यायचा नाही. पाठांतरातून त्यांना अकरा आठवड्यांत बाहेर कसं काढू? फ्रेंचमधून वादविवाद केलेलं, ऐकलेलं कोणी इथे आहे का?

बाकी अडचणी आहेतच. सरावात अडखळलेल्या त्या मुलाकडे पासपोर्ट नाही. गाव सांगोल्याकडे, राहतो पुण्यात हॉस्टेलवर. एक मुलगी सतरा वर्षांची आहे. व्हिसाचा अर्ज कधी करायचा, फी किती, विद्यार्थ्यांना सवलत असते का? शिवाय मुलगा माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. त्याच्या आईने मला फोन करून एवढंच विचारलं, ‘बाई, तिथं खाईल काय ओ तो?’ मला त्या माउलीला नीट, खात्रीचं उत्तर द्यायचंय.

प्रतिसाद, नागपूरकर:

ताई, अभिनंदन! मी दोनदा शाळेच्या मुलांना घेऊन फ्रान्सला गेलोय, त्यामुळे कागदांचं सांगतो.

आधी पासपोर्ट, आजच. तत्काळमध्ये अर्ज करा आणि सध्याचा पत्ता म्हणून हॉस्टेलचाच द्या. गावचा दिला तर पडताळणीला पोलीस गावी जातील आणि पोरगा पुण्यात. हॉस्टेलच्या पत्त्याचा पुरावा कॉलेजकडून लेटरहेडवर घ्या.

शेंगेन व्हिसाचा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण नियमाप्रमाणे तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणजे तुम्हाला जानेवारीतच अपॉइंटमेंट हवी. आधी फ्रान्स-व्हिसाज या सरकारी संकेतस्थळावर फॉर्म भरायचा, मग व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. चौघांचे फॉर्म एकाच दिवशी बसून भरा, म्हणजे तारखा आणि राहण्याचा पत्ता सगळीकडे तोच जाईल.

फी मोठ्यांना ९० युरो. पण शेंगेनच्या व्हिसा नियमावलीत कलम १६ आहे. शिक्षणासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना फी माफ आहे. ना-नफा संस्थांच्या शैक्षणिक-सांस्कृतिक कार्यक्रमांना अशाच संस्थांतर्फे जाणाऱ्या २५ वर्षांपर्यंतच्या प्रतिनिधींनाही. स्पर्धा त्यात बसते की नाही हे निमंत्रणपत्राच्या भाषेवर ठरतं. आयोजकांना आत्ताच लिहा की पत्रात शैक्षणिक हेतू, संस्थेचं स्वरूप, प्रत्येक मुलाचं नाव, तारखा आणि राहण्याची सोय स्पष्ट हवी. केंद्राचा सेवा आकार मात्र वेगळा भरावा लागतो.

विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी. सतरा वर्षांच्या मुलीसाठी जन्मदाखला आणि आई-वडील दोघांचं संमतिपत्र. दोघांचं म्हणतोय, कारण आमच्या वेळी एका मुलीचे वडील बोटीवर नोकरीला होते आणि त्यांची सही मिळवण्यात तीन आठवडे गेले. ते काम आधी उरका.

प्रतिसाद, मुक्काम डाकार:

मॅडम, मी मूळचा पिंपरीचा. कामानिमित्त सहा वर्षं सेनेगलमध्ये आहे, बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. (इथे शहरभर टाटाच्या मिनीबस धावतात आणि लोक त्यांना नुसतं ‘टाटा’च म्हणतात.)

तुमच्या मुलांना माझ्यातर्फे एक सांगा. सेनेगलच्या मुलांची ‘भाषाच ती’ नाही हो! माझ्या हाताखालची पोरं घरी वोलोफ बोलतात, कोणी पुलार, कोणी सेरेर. फ्रेंच त्यांना शाळेत भेटते, आपल्याला इंग्रजी भेटते तशी. या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेंगॉर, १९८३ मध्ये फ्रेंच अकादमीवर (फ्रेंच भाषेची फ्रान्समधली सर्वोच्च संस्था) निवडून गेलेले पहिले आफ्रिकन, त्यांची मातृभाषासुद्धा सेरेर होती. ट्युनिशियाच्या मुलांच्या घरी अरबी. तेव्हा समोर बसलेली बरीचशी मुलं तुमच्या मुलांसारखीच दुसऱ्या भाषेत उभी असणार. फरक इतकाच की त्यांनी ती भाषा भांडायला वापरलीय आणि तुमच्या मुलांनी पेपर लिहायला.

आणखी एक. विषय फ्रान्सपुरते राहतील असं धरू नका. सीएफए फ्रँक हे चलन १९४५ चं, आजही १४ आफ्रिकी देशांत चालतं आणि युरोला बांधलेलं आहे. ते ठेवावं की सोडावं यावर इथे चहाच्या टपरीवरसुद्धा वाद होतो. माली, नायजर आणि बुर्किना फासो यांनी मार्च २०२५ मध्ये फ्रँकोफोनी या फ्रेंचभाषक देशांच्या संघटनेतून बाहेर पडायचं जाहीर केलं. हे तुमच्या मुलांनी वाचलेलं हवं. रोज आरएफआय हा फ्रान्सचा आंतरराष्ट्रीय रेडिओ ऐकवा, सोप्या फ्रेंचमधल्या बातम्याही त्यावर असतात.

पाहिजे तर मी आणि माझे दोन सहकारी ऑनलाइन समोर बसतो. दोघं जबरदस्त भांडतात.

प्रतिसाद, ल्योंची सून:

ताई, आधी त्या आईला उत्तर. साधा बागेत हा पाव म्हणजे पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट, तो बिनधास्त खावा. क्रोसाँ आणि ब्रियोश नको, ब्रियोशमध्ये अंडं असतंच आणि क्रोसाँला वरून फासलेलं असतं. चीजचं मात्र आवर्जून सांगते. इथल्या फ्रेंच पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, त्याला प्रेझ्यूर म्हणतात. काँते नावाच्या चीजमध्ये तर ते असतंच. शाकाहारी म्हणून ताटात चीज वाढतात आणि आपल्याला पत्ता नसतो. पॅरिसमध्ये ला शापेलच्या बाजूला तमिळ लोकांची दुकानं आहेत, तिथे इडली-डोसा मिळतो. सोबत दशम्या, चटणी, मेतकूट द्याच.

आता बोलण्याबद्दल. माझी मुलगी इथे शाळेत वादविवादात असते. मी पाहिलंय की परकी मुलं अडखळतात ती आकड्यांवर. सत्त्याण्णव म्हणायचं तर ‘कात्र-व्हँ-दिस-सेत’, म्हणजे चार वीस आणि सतरा. मी ते आजीच्या मोजणीने शिकले. ती आंबे विसावर मोजायची, ‘चार विसा नि सतरा’. सांगोल्याच्या मुलाला हे एकदा सांगून बघा, त्याच्या घरी अजून कोणी तसं मोजत असेल.

आणि पाठांतर सोडवायला एक खेळ. भाषण नकोच. तुम्ही एक वाक्य टाकायचं, मुलाने ‘झ्य वू लाकॉर्द, मे…’ म्हणून सुरू करायचं. ‘हे तुमचं मान्य, पण…’ एवढं तोंडात बसलं की पुढचं वाक्य शोधायला दोन सेकंद मिळतात. रोज वीस वेळा, बसस्टॉपवरसुद्धा.

धागाकर्ती:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. डाकारचा प्रतिसाद मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. बी१ वाली मुलगी, जी सगळ्यात गप्प असते, तिने विचारलं, ‘म्हणजे तेही मनात आधी वोलोफमध्ये वाक्य जुळवतात?’ मग तासभर सगळे त्यावरच बोलत होते, आणि फ्रेंचमधून बोलत होते. मी मध्ये पडले नाही.

पासपोर्टची अपॉइंटमेंट गुरुवारची मिळालीय. आयोजकांना पत्राबद्दल लिहिलंय. आईंना फोन केला. दशम्यांचं ऐकून त्या म्हणाल्या, ‘मग पंधरा दिवसांच्या देते.’ आणि हो, मुलाची आजी विसावरच मोजते.

‘मान्य, पण’ चा खेळ काल सुरू केला. मुलगा पहिल्या सात-आठ वेळा ‘मान्य’ म्हणून गप्प बसला. नवव्यांदा त्याने मला दवाखान्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. रुग्णवाहिका ही खासगी गाडी नव्हे, आणि रस्ते मोकळे झाले तर ती लवकर पोहोचेल.

डाकारचे दादा, रविवार चालेल का? आमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे तुमचे दुपारचे तीन. सहकाऱ्यांना सांगा, अजिबात सांभाळून घेऊ नका.