मदत हवी आहे: एबॅप कॉन्ट्रॅक्टचा दिवसाचा दर 8,500 वरून थेट 5,800, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

नमस्कार मंडळी,

मी कोपरखैरण्यात राहते. एसएपी या कंपन्यांचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एबॅपचं, म्हणजे त्याच्या भाषेत प्रोग्राम लिहायचं, काम करते, पंधरा वर्षं झाली. पहिली नऊ वर्षं नोकरी केली, 2019 पासून कॉन्ट्रॅक्टवर आहे. सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असायचं, त्या वेळा नोकरीत जमेनात म्हणून सोडली. सासूबाई आता नाहीत, पण कॉन्ट्रॅक्टचं काम अंगवळणी पडलं आणि चांगलं चाललंही होतं.

सध्या ऐरोलीतल्या एका प्रोजेक्टवर आहे. क्लायंट परदेशातला. त्याचं काम एका मोठ्या कंपनीकडे, तिच्याकडून एका व्हेंडरकडे (माणसं पुरवणारी मधली कंपनी), त्याच्याकडून महाप्यातल्या छोट्या व्हेंडरकडे आणि तिथून माझ्याकडे. माझं बिल या शेवटच्या व्हेंडरला जातं. 2022 मध्ये दिवसाला 9,500 मिळत होते. 2023 च्या शेवटी एक्स्टेन्शनच्या वेळी 8,500 झाले, तेव्हा मी फारशी खळखळ केली नाही. सोमवारी फोन आला की पुढचे सहा महिने 5,800. "सध्या मार्केट रेट हाच आहे मॅडम. दोन प्रोफाइल तयार आहेत, शुक्रवारपर्यंत कळवा."

महिन्याचे 21 दिवस धरले तर 1,78,500 चे 1,21,800 होतात. घराचा हप्ता 41 हजार आहे. यजमान रबाळ्याला एमआयडीसीत आहेत, त्यांच्या पगारात घरखर्च आणि मुलीची अकरावी भागते. म्हणजे उपाशी राहायची वेळ नाही, हे आधीच सांगते. पण हातात पैसे येण्याचा प्रश्न वेगळा आहे. पैसे यायला साठ-सत्तर दिवस लागतात, तोवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला 32 हजार, मी खिशातून भरलेला असतो. टीडीएस 10 टक्के कापूनच येतो.

मला कळत नाही ते हे. एसएपीच्या जुन्या ईसीसी आवृत्तीचा नेहमीचा मेन्टेनन्स 2027 अखेर संपतोय. ही मुदत आधी 2025 होती, 2020 मध्ये ती पुढे ढकलली. सगळ्या कंपन्यांना एस/4 हाना या नव्या आवृत्तीवर जायचंय, त्यामुळे एबॅपवाल्यांना 2027 पर्यंत काम कमी पडणार नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. काम खरंच कमी नाहीये. मी गेल्या महिन्यात तीन शनिवार बसले. मग दर का पडतोय?

एक गोष्ट डोळ्यांसमोर घडतेय. पूर्वी क्लायंट म्हणायचा, आमचा जुना झेड प्रोग्राम (खास आमच्यासाठी लिहून घेतलेला) नव्या सिस्टिमवर जसाच्या तसा चालवून द्या. आता म्हणतो, झेड प्रोग्राम काढून टाका, एसएपीच्या मूळ स्टँडर्डमध्ये काय मिळतं ते वापरू. मी दहा वर्षं जे लिहिलं ते आता मीच मोजून मोजून काढतेय. रिपोर्ट, स्मार्टफॉर्म (छापायचे नमुने) असली कामं टूल अर्धीअधिक करून देतं, मग ते तपासायला दोन वर्षांचा मुलगा चालतो असं वरच्यांना वाटतं. तपासताना कुठे चुकतंय हे ओळखायला पंधरा वर्षं लागलीत, हे वरच्यांच्या हिशेबाच्या एक्सेलमध्ये दिसत नाही.

पण खरं अडलंय ते दुसरीकडेच. मी शिकवलेली एक मुलगी, दिघ्याची, आता स्वतंत्र कॉन्ट्रॅक्ट करते. तिने दोन आठवड्यांपूर्वी याच व्हेंडरला 5,500 ला नाही म्हटलं. तिला सात वर्षांचा अनुभव आहे आणि घरात कमावणारी ती एकटीच. मी 5,800 ला हो म्हटलं तर उद्या तिला माझाच आकडा दाखवतील, की तुमच्यापेक्षा सीनियर बाई या दरात आल्यात. सोमवारपासून झोप नाही ती याने. पैशाचं गणित कसंही बसवता येईल, तिला काय सांगू?

तर विचारायचंय ते असं. घ्यावं का सोडावं? घ्यायचं झालं तर हा दर कायमचा होऊ नये म्हणून काय करता येतं? आणि याच व्हेंडरने दुसरा पर्याय दिलाय, पेरोलवर (त्यांच्या नोकरीत) या, वर्षाला 16 लाख सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च). त्याची तुलना कशी करायची? इथे कॉन्ट्रॅक्टवाले बरेच आहेत, अनुभवाचं सांगा.

— निशिगंध

पारसिक:
ताई, मी तीन वर्षं व्हेंडरच्या बाजूला रिक्रूटमेंट केलंय, तिथून कसं दिसतं ते सांगतो. वरची कंपनी वर्षाच्या सुरुवातीला रेट कार्ड (कोणत्या कामाला किती दर ते) कापते. त्यातली प्रत्येक पायरी आपलं मार्जिन आधी वाचवते आणि कात्री खाली सरकवते. तुमच्यापर्यंत येते तेव्हा ती वरच्या कपातीपेक्षा मोठी झालेली असते. "दोन प्रोफाइल तयार" हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा बोललोय. कधी असायची, कधी नसायची. या वेळी असण्याची शक्यता जास्त आहे. मोठ्या कंपन्यांनी लोक कमी केलेत (टीसीएसनेच जुलै 2025 मध्ये 2 टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करणार असं जाहीर केलं होतं), ते याच बाजारात आलेत.

पण चालू प्रोजेक्टवरचा माणूस बदलणं त्यांना महाग पडतं. नव्याला सिस्टिम कळायला दीड-दोन महिने जातात आणि ते दिवस क्लायंट बिलात घेत नाही. तुमच्या हातात तेवढीच गोष्ट आहे, पण ती लहान नाही. गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टिम प्रत्यक्ष चालू होणं, कधी आहे?

निशिगंध:
फेब्रुवारीत. कटओव्हरची, म्हणजे जुन्यावरून नव्यावर जातानाच्या कामांची, यादी माझ्याकडेच आहे.

पारसिक:
मग शुक्रवारची मुदत त्यांनाही आहे.

उपवन:
मी वेगळं सांगणार, राग मानू नका. मागच्या वर्षी मी टेस्टिंगच्या कामात अशाच कपातीला नाही म्हटलं. सात महिने घरी बसलो. वागळे इस्टेटमधल्या एकूण एक ऑफिसात जाऊन आलो. शेवटी घेतलं ते नाकारलेल्या दरापेक्षा कमी होतं. काम हातात ठेवून दुसरं शोधा. तत्त्वासाठी सोडू नका, हप्ता चालू असताना तर नाहीच.

खाडीकिनारा:
मी ठाण्यात कर सल्लागार आहे, माझ्याकडे तुमच्यासारखे पन्नासेक कॉन्ट्रॅक्टवाले येतात. आकड्यांपुरतं बोलते.

5,800 ने 240 दिवस धरले तर वर्षाला 13.92 लाख. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा 20 लाख आहे, तुम्ही तिच्या खाली येता. नोंदणी रद्द करता येईल, मग ते खिशातून भरणं थांबेल. आयकराच्या कलम 44ADA मध्ये (2025-26 पर्यंतचा क्रमांक) निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवता येते, म्हणजे सात लाखांच्या आत. नव्या करपद्धतीत 2025-26 साठी 12 लाखांपर्यंत कर लागत नाही, कापलेला टीडीएस परत मिळतो. पेरोलच्या 16 लाखांत कंपनीचा पीएफचा वाटा आणि बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीही धरलेली असते, वर कर लागतो. उलट तिथे भरपगारी रजा आणि आरोग्य विमा असतो. दोन्ही बाजूंनी हातात येणारी रक्कम काढून बघा, फरक तुम्हाला वाटतो तेवढा नाही.

दुसरं, उद्यम नोंदणी (सरकारकडे लहान उद्योग म्हणून नाव नोंदवणं) आहे का? फुकट होते. एमएसएमई कायदा 2006 प्रमाणे करारात काहीही लिहिलेलं असलं तरी पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. 2023-24 पासून मुदतीत न दिलेले आणि वर्षअखेरीस बाकी राहिलेले पैसे त्या वर्षी त्यांच्या उत्पन्नातून खर्च म्हणून वजाही मिळत नाहीत, त्यामुळे त्यांचे अकाउंटवाले हल्ली ऐकतात. भांडायला जाऊ नका, बिलावर फक्त उद्यम क्रमांक छापा.

आणि दर कायमचा होऊ नये यासाठी: दर उतरवू नका, सूट द्या. बिलात दर 8,500 आणि खाली वेगळ्या ओळीत सूट. बिलावरच दाखवलेली सूट असेल तर जीएसटी उरलेल्या रकमेवरच लागतो, त्यात अडचण नाही. पीओमध्येही (कामाच्या लेखी ऑर्डरमध्ये) तसंच लिहून घ्या, तारखेसकट. तुमच्या त्या मुलीला उद्या कोणी आकडा दाखवला तर कागदावर 8,500 च असेल.

निशिगंध:
खाडीकिनारा ताई, हे मला सुचलंच नसतं. मनापासून आभार.

काल रात्री दिघ्याच्या मुलीला फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही घ्या, पण आकडा लपवू नका, मला खरा सांगा." तेवढं करणं मला शक्य आहे. आम्ही दोघींनी आपापले दर एकमेकींना सांगितले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

आज व्हेंडरला लिहिलं: दर 8,500, फेब्रुवारी अखेरपर्यंत दिवसाला 1,500 सूट, गो-लाइव्हनंतर सूट संपेल, पैसे 45 दिवसांत. म्हणजे हातात 7,000. ते 6,300 वर येतील असं वाटतं, 6,500 च्या खाली मी जाणार नाही असं यजमानांशी बोलून ठरवलंय. उपवन, तुमचं लिहिलेलं वाचून रात्री बराच वेळ जागी होते. सहा महिन्यांचा हप्ता बाजूला आहे, म्हणून एवढं धाडस करतेय.

एकच अडलंय. व्हेंडरच्या पोर्टलमध्ये पीओचा दर आपोआप येतो, सूट दाखवायला वेगळी ओळच नाही. कोणी असं बिल पोर्टलवर चढवलंय का? क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढावी लागते, की त्यांच्या अकाउंटवाल्यांना सांगून पीओच दोन ओळींचा करून घेता येतो?