मदत हवी आहे: टोकियोला सहकुटुंब जातोय, घराचं कसं जमवायचं?

मुलुंड_चेकनाका
पुढच्या महिन्यात कंपनीकडून टोकियो. आम्ही चौघं. कागदपत्रं सगळी झालीत. सुरुवातीला कंपनी सर्व्हिस अपार्टमेंट देणार, मग तुमचं तुम्ही बघा म्हणतात. घराचा एजंट म्हणतो जपानी मोबाइल नंबर द्या, मोबाइलवाला म्हणतो पत्ता द्या, बँकेला दोन्ही हवंय. सुरुवात कुठून करायची? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, गुगल करून झालंय. आज रात्री तिकिटं काढायची आहेत.

नवखा_सामुराई
किती काळासाठी? मुलं केवढी? व्हिसा कुठला? ‘सगळी कागदपत्रं’ म्हणजे नेमकी कुठली?

मुलुंड_चेकनाका
दीड वर्ष. मुलगी आठ वर्षांची. व्हिसाचं कंपनी बघतेय. प्रश्न घराचा आहे हो.

शेवग्याची_शेंग
सुरुवात विमानतळावरच होते. सीओईवर, म्हणजे जपानी इमिग्रेशनच्या पात्रता प्रमाणपत्रावर, व्हिसा घेऊन जाताय ना? मग नारिता किंवा हानेदाला इमिग्रेशनच्या काउंटरवरच रेसिडेन्स कार्ड हातात पडतं. पत्ता त्यावर नंतर चढतो. राहायला गेल्यापासून चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसात, म्हणजे कुयाकुशोत, जाऊन कार्डाच्या मागे पत्ता छापून घ्यायचा. एकदा तो आला की मोबाइल, मग बँक, मग घर. घर बदललं की पुन्हा चौदा दिवसांत तेच.
मेख एकच. काही सर्व्हिस अपार्टमेंटवाले त्यांच्या पत्त्यावर नोंदणी करू देत नाहीत. हे कंपनीच्या एचआरकडून आजच्या आज लेखी घ्या, तिकिटं नंतर.
कुयाकुशोत नातं सिद्ध करायला लग्नाचा नि मुलीच्या जन्माचा दाखला मागतात, सोबत जपानी भाषांतर. भाषांतर कुणीही केलेलं चालतं, खाली करणाऱ्याचं नाव हवं. मूळ दाखले चेक-इन बॅगेत टाकू नका.

खडूस_पाहुणा
एवढा व्याप कशाला? थेट यूआरचं घर घ्या. सरकारी संस्था आहे. जामीनदार नको, रेइकिन (घरमालकाला द्यायचे, परत न मिळणारे पैसे) नाही, दलाली नाही, फक्त दोन महिन्यांचं डिपॉझिट. निशिकासाईत, तिथल्या भारतीयांच्या वस्तीत, घ्या म्हणजे भाजीपासून डाळीपर्यंत सगळं आपलं मिळेल.

नवखा_सामुराई
जपानला जाऊन पुन्हा मुलुंडच शोधायचं का? मी ऑफिसजवळ घेतलं, भाडं जास्त पडलं, पण लोकलचे धक्के वाचले.

खडूस_पाहुणा
तुम्ही एकटे होतात. घरी लहान मूल असलं की शेजारी बोलायला कोणी लागतं.

शेवग्याची_शेंग
यूआर चांगलंच, पण एक सांगायचं राहिलं. घर बहुतेक वेळा रिकामं मिळतं. रिकामं म्हणजे दिवासुद्धा नाही, छतावर नुसतं दिव्याचं सॉकेट. पडदे, शेगडी आपली. आम्ही चावी घेतली तेव्हा संध्याकाळ झालेली, मोबाइलच्या टॉर्चवर दशम्या खाल्ल्या आणि मुलगा ‘लाइट गेले’ म्हणून खूश! दिवा आधी विकत घ्या, चावी नंतर.

आठवणीतला_दादर
अवांतर: आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डाच्या असेंब्लीवर निवडून आले होते. निशिकासाई त्याच वॉर्डात. अभिमान वाटतो.

नलूताई
मिक्सर नेऊ नका. तिथे १०० व्होल्ट, आपला २३० चा. नुसता घरघरतो, वाटण होत नाही. ट्रान्सफॉर्मर घ्याल तर तो मिक्सरपेक्षा जड.

खडूस_पाहुणा
मी नेला होता, ट्रान्सफॉर्मरवर मस्त चालला.

नलूताई
किती वॅटचा?

खडूस_पाहुणा
आठवत नाही.

नलूताई
मग कशाला सांगता! आणि दादा, शाळेचं काय? आठ वर्षांची म्हणजे तिसरी. जपानी सरकारी शाळेत परदेशी मुलांना सक्ती नाही, पण कुयाकुशोत अर्ज केला की प्रवेश मिळतो, फी नाही. इंग्रजी हवं असेल तर तिथे भारतीय शाळाही आहेत. इथला शाळा सोडल्याचा दाखला मात्र जाण्याआधी घ्या.

नवखा_सामुराई
एक विचारू? तुम्ही, वहिनी, मुलगी, हे झाले तीन. चौथं कोण?

मुलुंड_चेकनाका
आई. ती एकटी इथे राहू शकत नाही. त्याचा घराशी काय संबंध?

शेवग्याची_शेंग
अहो, तोच तर संबंध! डिपेंडंट व्हिसा फक्त नवराबायको आणि मुलांना मिळतो, आईवडील त्यात बसत नाहीत. आई भेटीच्या व्हिसावर येतील, तो जास्तीत जास्त नव्वद दिवसांचा. त्यांना रेसिडेन्स कार्ड नाही आणि राष्ट्रीय आरोग्य विमाही नाही. प्रवास विमा इथूनच, आधीचे आजार धरणारा, घ्या. कंपनी आईंचा अर्ज करतेय की नाही, हे विचारलंत का?

मुलुंड_चेकनाका
कंपनीने ‘फॅमिली’ म्हटलं होतं. विचारतो.

नलूताई
आईंना बीपी, साखर वगैरे? डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं महिनाभराचीच नेता येतात. त्याहून जास्त असतील तर निघण्याआधी युन्यु काकुनिन-शो नावाचं प्रमाणपत्र ऑनलाइन काढावं लागतं. सर्दीच्या गोळ्यांच्या पाकिटावर घटक वाचा, स्युडोएफेड्रिन दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर बंदी आहे. लोक नेमक्या त्याच गोळ्या पिशवीभर नेतात.

आठवणीतला_दादर
मुलुंडचा फ्लॅट रिकामा ठेवू नका. लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करा, सोसायटीला कळवा, पोलिसांत भाडेकरूची माहिती द्या.

मुलुंड_चेकनाका
फ्लॅटचं कुणी विचारलंय? असो. एचआरशी बोललो. आईचं त्यांच्या यादीत नावच नाही. अपार्टमेंटच्या पत्त्यावर नोंदणी चालते, मेल आली. आज फक्त माझं तिकीट काढतोय. घर लागलं, दिवे लागले की बायको आणि मुलगी येतील. आईला बहीण नाशिकला नेतेय, थंडी सरली की भेटीला आणू. यूआरचा अर्ज तिथे गेल्यावर लगेच करतो. सर्वांचे आभार, नलूताई औषधांसाठी विशेष.

मी_मुलुंडकरीण
मिक्सर नेत नसाल तर मला द्याल का? चेकनाक्यालाच राहते.