[मंडळ] लोगो करून घ्यायचाय, स्वस्तात. ऑनलाइन स्पर्धा कुणी लावली आहे का?

मंडळी, नमस्कार.

गणपतीत ज्यांनी माझ्या चकल्यांचा फडशा पाडला त्यांना माहीत आहेच, या दिवाळीपासून फराळाची पाकिटं रीतसर विकायला काढतेय. कौन्सिलची (इथल्या नगरपालिकेची) नोंदणी झाली, एबीएन (धंद्याचा सरकारी नंबर) आहे, नावही ठरलंय: 'खमंग'. घोडं अडलंय लोगोपाशी. इथल्या एका स्टुडिओचा आकडा ऐकून आमचे हे म्हणाले, "लोगोचे सांगितले की गाळ्याचे?" नाइन्टीनाइन डिझाइन्ससारख्या साइटवर स्पर्धा लावली तर काहीशे डॉलरमध्ये काम होतं म्हणतात. अनुभव कळवा.

– मीनल, टारनिट

———

मीनल,

लाव बिनधास्त. अगं, ही कंपनी आपल्या मेलबर्नचीच. साइटपॉइंट नावाच्या फोरमवर डिझायनर लोक आपापसात स्पर्धा खेळायचे, त्यातून २००८ मध्ये ती वेगळी निघाली. २०२० मध्ये व्हिस्टाप्रिंटने घेतली.

मी ड्रायव्हिंग स्कूलसाठी अशाच एका साइटवर (कोणत्या ते सांगत नाही) स्पर्धा लावली होती. काय हवं ते लिहायचं, बक्षिसाची रक्कम आधीच भरायची, की जगभरातून चित्रं यायला लागतात. काही दिवसांनी दोन-चार जण निवडायचे, त्यांच्याकडून दुरुस्त्या करून घ्यायच्या, मग एकाला बक्षीस. मला साठेक आली. पहिल्या रात्रीत आलेली जवळजवळ सगळी स्टिअरिंगची! चूक माझीच, मी लिहिलं होतं 'ड्रायव्हिंग स्कूल, निळा रंग', बस. मग नीट लिहिलं की शिकायला येणाऱ्या बहुतेक बायका आहेत, नुकत्याच इथे आलेल्या, हायवेला घाबरणाऱ्या. त्यानंतर बघण्यासारखं काही आलं. रोज प्रत्येकाला दोन ओळी उत्तर दे. गप्प बसलीस की चांगले लोक निघून जातात. आणि बक्षीस 'नक्की देणार' असं जाहीर कर, नाहीतर मुरलेले डिझायनर फिरकतच नाहीत.

एक गोष्ट मात्र नडली. जिंकलेल्या लोगोतलं चाक कुठल्याशा तयार चित्रांच्या साठ्यातलं निघालं. सात महिन्यांनी तेच चाक एका टायरवाल्याच्या बोर्डावर पाहिलं. निवडायच्या आधी चित्र गूगलला दाखवून शोधून बघ.

– सुहास, क्लेटन

———

मीनलताई, सुहासकाका,

माझं पोट डिझाइनच्याच धंद्यावर आहे, तेव्हा तिरकस वाटलं तर सोडून द्या. काका, साठ चित्रांतल्या एकाचे पैसे मिळाले. बाकीच्या एकोणसाठांनी फुकट काम केलं. स्वस्त पडतं ते त्यांच्या जिवावर. मंडळाच्या दिवाळीला साठ जणींकडून ताटं मागवून एकीलाच पैसे दिले तर?

पण ताईंची खरी अडचण वेगळीच आहे: देवनागरी. 'ख'चा खालचा सांधा सुटला की 'रव' होतो. ज्याला लिपी येत नाही त्याच्या हातून पाकिटावर 'रवमंग' यायला वेळ लागत नाही. 'चिवडा' तर हमखास 'चविडा' होतो, कारण इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची सोय चालू केली नसेल तर वेलांटी चुकीच्या बाजूला जाऊन बसते. 'ल' आणि 'श'सुद्धा बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे असतात. हे त्या डिझायनरला दिसणार नाही. तुमच्या आईला मात्र दिसेल.

आणि हक्काचं लेखी घ्या. इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या, १९६८ च्या कायद्यात नुसते पैसे दिल्याने चित्राचा कॉपीराइट तुमच्याकडे येत नाही, सहीचा कागद लागतो. मोठ्या साइट्स तो करून देतात. त्यात काय लिहिलंय ते मात्र वाचा.

– केतकी, ब्रन्सविक

———

केतकी,

ताटाचं पटलं, थोडंसं. पण आपल्या रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये स्पर्धेतूनच आलं ना? स्वच्छ भारतचा चष्मा तर आपल्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचा, २०१४ च्या खुल्या स्पर्धेतला. तेव्हा आपण नाक मुरडलं नाही!

– सुहास

———

काका, तो मान नोटांवर आणि भिंतींवर देशभर दिसतो. हरलेल्यालाही सांगता येतं की मी भाग घेतला होता. चिवड्याच्या पाकिटासाठी हरलेला काय सांगणार?

– केतकी

———

मंडळी,

भांडू नका, फराळ सगळ्यांना मिळेल.

ठरलं ते असं. अक्षरं स्पर्धेला लावत नाही. पुण्यात माझ्या मावसभावाचा सुलेखनकार मित्र आहे, तो 'खमंग' हाताने लिहून देतोय, पैसे घेऊन, लेखी हक्कासकट. पाकिटामागची छोटी अक्षरं 'मुक्ता' फॉन्टमध्ये. तो मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा आहे आणि धंद्यालाही फुकट वापरता येतो. केतकीने तो सुचवला आणि सल्ल्याचे पैसे नको म्हणाली. अशाने आपलाच मुद्दा कसा टिकणार गं? अनारशांचा डबा पाठवतेय, परत करायचा नाही. पाकिटाची मांडणीही एकाच जणीला देतेय, ठरलेल्या पैशात. स्टुडिओच्या आकड्याच्या चौथाईत सगळं बसतंय.

काल पहिला नमुना आईला व्हिडिओवर दाखवला. म्हणाली, "ख छान आलाय, पण अनुस्वार केवढा मोठा! बुंदीचा लाडू वाटतोय." तो तसाच ठेवलाय.

शनिवारी हॉलवर स्टिकर आणते. काका, तुमचा टायरवाला दिसला तर त्यालाही एक पाकीट द्या.

– मीनल